बिडी कारखान्यातला फ्लॅट मी नापास केला

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यामुळे लिहिताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. पण जे लिहितो आहे ते खरं आहे, आणि त्यात माझी बाजू चांगली दिसत नाही.

गोंदियात आमच्या गल्लीच्या मागे एक बिडी कारखाना होता. मी तिथं चेकर होतो. चेकर म्हणजे बिडी तपासणारा. बाया घरी बिड्या वळत आणि टोपलीत भरून कारखान्याच्या व्हरांड्यात आणत. व्हरांड्याला एक बुटकी, कमानीची खिडकी होती. मी खिडकीच्या आत लाकडी फळीसमोर बसायचो, बाया बाहेर उभ्या राहायच्या. मी मूठभर बिड्या उचलायचो, दोन बोटांत दाबून पाहायचो. पान सैल असेल, तोंड उघडं असेल, तर ती बिडी तिथंच मोडून बाजूच्या डब्यात टाकायची. तिला छाट म्हणायचे. छाट गेली की त्या बाईची तेवढी मेहनत गेली.

त्या रांगेत माझी बायकोही असायची.

नवरा चेकर आहे म्हणून हिचा माल सुटते, असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी तिच्या टोपलीतली छाट सगळ्यांपेक्षा जास्त काढायचो. मुनीम इतरांना सांगायचा, याच्यासारखा इमानदार माणूस नाही. मला ते ऐकायला गोड लागायचं. बायांना मात्र वेगळंच समजलं होतं. त्या तिच्या मागचा नंबर धरायला भांडायच्या.

"मी हिच्या मागं लागतो वो. चेकरबाबू बायकोवर राग काढते आन मंग दुसरीले सोडून देते."

"अवो, मंग तूच त्याले रोज घरून भांडून पाठवत जा. आमचं भलं होते."

ती हसायची. घरी येऊन स्वयंपाक करायची. या गोष्टीवरून तिनं मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि मीही काढला नाही.

एक दिवस तिनं आणि आमच्या शेजारणीनं टोपल्या बदलल्या. मला माहीत नव्हतं. शेजारीण आधी आली. तिच्या हातात माझ्या बायकोच्या बिड्या होत्या. मी मूठभर उचलल्या, दाबल्या, एकही मोडली नाही. मागे बायको उभी होती. तिला ऐकू जाईल असं मी मोठ्यानं म्हणालो, "बिडी अशी बांधाव लागते. शिक जरा हिच्यापासून." मग बायकोची टोपली पुढे आली. मी सवयीनं मोडत गेलो. शेजारीणच ओरडली, "थांबा न बाप्पा, माया माल हाये तो!"

सगळी रांग हसली. मागच्या बायांना काय झालं ते कळलं नव्हतं, तरी त्याही हसल्या. बायको पण हसत होती, तोंडाला पदर लावून. मी त्या वेळी हसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. दोन घडीची मजा होती, संपली असती.

मी उठलो आणि मुनीमाकडे गेलो. टोपली बदलणं नियमात बसत नव्हतं. त्यानं दोघींची कार्डं पंधरा दिवस जमा करून घेतली. कार्ड नसलं की वळायला पान-तंबाखू मिळत नसे, म्हणजे मजुरीही नाही. शेजारणीच्या घरी तीन लहान लेकरं होती. ती त्यानंतर माझ्या बायकोशी बोलली नाही. विहिरीवर दोघी समोरासमोर यायच्या, एक आपली बादली भरायची, दुसरी तोवर भिंतीकडे पाहत राहायची. पंधरा दिवसांनी मी कार्ड आणून बायकोसमोर ठेवलं. तिनं ते उचललं नाही. म्हणाली, "तुमच्या खिडकीवर मी आता येत नाई." आणि आली नाही. कामठ्याच्या बाजूच्या एका ठेकेदाराकडून पान-तंबाखू आणायला लागली. डोक्यावर घेऊन पायी जायची, पायी यायची. कारखाना आमच्या घराच्या मागे होता.

पुढे कारखाना बंद पडला. बरीच वर्षं इमारतीत कबुतरं राहिली. मग कोणीतरी ती घेतली, आतून पाडून-बांधून फ्लॅट केले. जुन्या विटांच्या भिंती आणि खिडक्या तशाच ठेवल्या, लोकांना आता तसं आवडते म्हणे. पहिल्यांदा फ्लॅट दाखवायला सुरुवात झाली तेव्हा गल्लीतले सगळे पाहून आले. बायको म्हणाली, "चला न, आपण बी पाहून येऊ."

"तेथं का पाहाचं? टाइल आन सिमेंट."

"मले अंदरून पाहाचं हाये. एवढी वर्षं बाहेरूनच पाह्यलं. तुमाले तेथून मी कशी दिसत होती, ते पाहाचं हाये."

मी म्हणालो, नंतर जाऊ. आठ दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, पाय दुखते. तिसऱ्या वेळी तिनं विचारलंच नाही. दुपारी चांगलं लुगडं नेसून दाराशी येऊन बसली. मी तिच्या बाजूनं निघालो आणि स्टेशनाकडे चहा प्यायला गेलो. दोन तास बसलो तिथं. परत आलो तर ती रोजच्या लुगड्यात तांदूळ निवडत होती.

मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत ती गेली. ताप आला आणि उतरला नाही. त्या इमारतीत तिला मी नेलं नाही. घरून चालत पाच मिनिटं लागतात.

आता मी, मुलगा आणि सून त्याच जुन्या दोन खोल्यांत राहतो. सून दवनीवाड्याच्या शाळेत शिकवते. तिची स्कूटी गल्लीत आत येत नाही, रोज नाक्यावर ठेवावी लागते. पावसाळ्यात माझ्या खाटेवर गळते म्हणून तिनं वर ताडपत्री बांधली आहे. यंदा उन्हाळ्यात ती म्हणाली, कारखान्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक फ्लॅट विकाऊ आहे. मालक नागपूरला चालले आहेत, दोन वर्षांपूर्वीच सगळा नवा करून घेतला आहे, जिना चढायला नको. मुलगा म्हणाला, "बाबा हो म्हणतील तर घेऊ. नाई तर नाई."

म्हणजे माझ्या एका शब्दावर आलं.

आम्ही तिघं पाहायला गेलो. दलाल दारातच उभा होता. "आओ काका, एकदम नया करवाया है. फर्श नई, बिजली नई, किचन पूरा नया. दीवार असली पुरानी रखी है." सून सगळीकडे फिरत होती. नळ सोडून पाहत होती, कपाटं उघडून पाहत होती. मोरी पाहून तिनं मला हाक मारली, "मामाजी, इथं धराले दांडा पण लावला आहे. तुमाले घसराची भीती नाई."

मी पुढच्या खोलीत थांबलो होतो. तीच खोली होती. खिडकी तीच, कमान तीच. खाली बसायला गादी केली होती आणि बाहेर नवी जाळी होती. व्हरांड्यात आता गाड्या उभ्या असतात. मी गादीवर बसलो नाही. दारानं बाहेर गेलो, गाड्यांच्या मधून वाट काढली आणि खिडकीबाहेर उभा राहिलो. तिथं मी जन्मात कधी उभा राहिलो नव्हतो.

मी आत बसायचो तेव्हा बाहेरच्या उजेडामुळे मला बायांचे चेहरे काळपट दिसायचे, हात आणि टोपली तेवढी नीट दिसायची. बाहेरून वेगळं आहे. आतला माणूस पुरा दिसतो. मुलगा खिडकीत वाकून चौकट पाहत होता, त्याच्या कपाळावरची आठी मला दिसली. म्हणजे मी तिच्या बिड्या मोडायचो तेव्हा तिला माझं तोंड रोज असं दिसत होतं. मुनीम ऐकेल म्हणून मी जरा मोठ्यानं बोलायचो, तेही दिसत असेल.

आत गेलो. मुलगा म्हणाला, "कसं वाटते बाबा?"

मी खिडकीखालच्या भिंतीवर हात ठेवला. दाबला. नखानं उकरून पाहिलं. म्हणालो, "ओल हाये भिंतीत. पुरानी ईट हाये, पाणी पेते. दोन बरसातीत फुगन. घेऊ नोका."

दलाल तडकला. "काका, कहाँ गीला है? हाथ लगाके दिखाओ!"

"मले का सांगतेस? मी याच खोलीत बसलो हावो."

मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "बाबाची नजर चुकत नाई," असं तो म्हणाला. सुनेनं उघडलेलं कपाट हळूच लावलं.

भिंत कोरडी होती. एवढी कोरडी की नखाला पांढरी भुकटी लागली होती, मी ती धोतराला पुसली.

पंधरा दिवस तसेच गेले. मग एका रविवारी सून छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, बदलायला माणूस मिळते का ते फोनवर विचारत होती, तीन जणांनी नाही म्हटलं. चौथ्याला तिनं हातापाया पडल्यासारखं विचारलं. मला गप्प बसवलं नाही. दोघांना समोर बोलावलं आणि सगळं सांगितलं. टोपल्या, कार्ड, लुगडं नेसून बसली होती तो दिवस, आणि भिंत.

मुलगा म्हणाला, "टोपल्या बदलल्याचं आईनं मले सांगतलं होतं. हसून-हसून सांगे. तुमी तिले म्हटलं, शिक हिच्यापासून, तेथं येऊन तिले हासण्यानं बोलताच नाई ये."

"आन कार्डाचं?" मी विचारलं.

"ते नाई सांगतलं."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचं उतरेल. तसं काही झालं नाही. टोपल्यांचं ती हसण्यावारी नेत होती आणि मला सोडून सगळ्यांना सांगत होती. माझ्यासोबत हसायची तिला सोय मी ठेवली नव्हती.

सुनेनं दलालाला फोन लावला. तो मोठ्यानं बोलतो, मला इथं ऐकू आलं. फ्लॅट बुधवारीच गेला होता. घेणारे तुमसरचे होते. भिंत पाहिली का म्हणून तिनं विचारलं नाही, त्यानंच सांगितलं, "मॅडम, उन्होंने तो दीवार देखके ही लिया."

तिनं फोन ठेवला. मी खाली पाहत होतो. ती आत गेली, चहा करून आणला, मुलाला दिला, माझ्यासमोर कप ठेवला आणि मी तो हातात धरेपर्यंत थांबली.

"दुसरा पाहू," ती म्हणाली. "पण मामाजी, त्या वेळी तुमी बाहीरच थांबजा. तपासाचं मी पाहून घेईन."

मी म्हणालो, "हाव."