धडा ऐकायला कोण बसलं होतं

बायको मार्चमध्ये गेली. नातीचा बारावीचा शेवटचा पेपर झाला, त्याच्या सहाव्या दिवशी. भेटायला आलेले लोक म्हणाले, बघा, पोरीची परीक्षा होईपर्यंत थांबली. मला हे बोलणं आवडलं नाही. थांबायचंच होतं तर एप्रिल संपेपर्यंत थांबायचं. एप्रिलात पोरीची सीईटी होती.

नात पाचवीपासून आमच्याकडे, लालबागला. मुलगा आणि सून बदलापूरला राहतात, दोघं सकाळी सहाला घर सोडतात, म्हणून पोर आमच्याकडे ठेवली. अभ्यासाला मी कामाचा नाही. चौथी शिकलेला माणूस, त्यात मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, वर्षं काढली. त्या आवाजात कान गेले. घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला कळत नाही. कानाला मशीन लावतो तेव्हा माणसांचं बोलणं ऐकू येतं. बायको तर शाळेत गेलीच नव्हती. पण अभ्यास घेतला तो तिनेच.

तो कसा, ते सांगतो. आमच्या गावाकडे कोणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्याने मधे मधे 'हं' म्हणायचं असतं. हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणारा पण थांबतो. बायको धडासुद्धा तसाच ऐकायची. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की पार्टिशनच्या मागे तांदळाच्या डब्याला टेकून बसायची, मांडीवर सूप, निवडणं चालू. समोर पोर मोठ्याने धडा म्हणायची. हिचा हं, तिचं पुढचं वाक्य, परत हं. रसायन, जीवशास्त्र, जे असेल ते. हिला त्यातलं काहीएक कळत नव्हतं. पण पोर चुकली की हं यायचा नाही. मग पोर मागे जायची, पुस्तक बघायची, नीट म्हणायची, आणि हं यायचा.

एकदा मी विचारलं, "तुला कसं कळतं गो?"

म्हणाली, "चुकते तेव्हा ती भरभर बोलते. एवढं पण कळत नाही तुम्हाला?"

बारावीला पोरीला एक्याण्णव टक्के पडले. चाळीत पेढे वाटले. सीईटीचा निकाल नंतर आला, त्यात अडतीस पर्सेंटाइल. तिला फार्मसीला जायचं होतं, आणि फार्मसीला बारावीचे मार्क कोणी विचारत नाही, सीईटी बघतात. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "एक्याण्णवाचे अडतीस कसे गो झाले? कम्प्युटर बिघडला असेल." पोर हसली नाही.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, झालं काय. तिने खाली बघत सांगितलं, "आजोबा, मला येत होतं सगळं. पण एक प्रश्न वाचला की मी थांबायचे. कशाला थांबतेय तेच समजायचं नाही. सगळे गप्प, नुसते माऊसचे आवाज. वरती घड्याळ उलटं पळतंय. शेवटी अर्ध्याहून जास्त प्रश्न उघडलेच नाहीत."

कशाला थांबत होती ते मला समजलं. तिथे हं द्यायला कोणी नव्हतं.

ती म्हणाली, वर्षभर घरी बसते, पुढच्या वर्षी परत सीईटी देते. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "घेऊ दे ड्रॉप. तुम्हाला पण सोबत होईल, बाबा." मला बरं वाटलं. मी विरोध करायला हवा होता, केला नाही. हे खोटं लिहून उपयोग नाही.

त्याच संध्याकाळी पोर पार्टिशनच्या मागे जाऊन बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी बाहेर खाटेवर होतो. तिने धडा म्हणायला सुरुवात केली. एक वाक्य झालं. दुसरं झालं. आणि हं आला.

मी उठून बसलो. वाटलं, मशीन आवाज करतंय. ते कधीकधी करतं. मशीन काढून डबीत ठेवलं. पोरीचा आवाज लगेच खाली गेला, लांब कुठेतरी पुटपुटल्यासारखा. हं मात्र तेवढाच स्पष्ट येत राहिला. आमच्या बायकोचाच, नाकातून, शेवटी थोडा वर जाणारा. मग मी गळ्यावर दोन बोटं ठेवली, म्हटलं मीच तर करत नाही ना. साच्यावर आवाजात काही ऐकू यायचं नाही, तेव्हा हात ठेवून यंत्र चालू आहे की बंद ते बघायचो, तसं. गळा बंद होता.

मी घाबरलो का? नाही. रडलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ कधी होते याची वाट बघत बसलो. असे सात-आठ दिवस गेले असतील. पोर बाहेर जायची बंद झाली. मैत्रिणींचे फोन घेईना. आता ती मांडीवर सूप घेऊन बसायला लागली. मला दिसत होतं. पण संध्याकाळी हं येत होता, म्हणून मी गप्प.

शेजारीण एकदा नळावर म्हणाली, "भाऊजी, वहिनी गेल्या आणि त्यांचा हं तुम्ही उचललात की. काल दुपारी भिंतीतून ऐकला."

काल दुपारी मी परळला डॉक्टरकडे होतो. तिला सांगितलं नाही. म्हटलं, "वय झालं, होतं असं."

मधे एक गोष्ट घडली. गिरगावातल्या एका कॉलेजात पोरीने बीएस्सीचा अर्ज आधीच टाकलेला होता, तिथल्या यादीत नाव लागलं. रसायनशास्त्र. तिथे बारावीचेच मार्क धरतात, सीईटीचं नाव नाही. तीन दिवसांत कागद दाखवून फी भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. पोरीने मोबाईल दाखवला आणि उलटा ठेवून दिला. म्हणाली, "मी जाणार नाहीये, नुसतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती धडा म्हणत होती आणि मी मशीन लावून ऐकत होतो. मधेच ती भरभर बोलायला लागली. हं आला. मग ती पुस्तकात बघून म्हणाली, "अरे, हे चुकलं." पुढे गेली. परत भरभर. परत हं. परत, "हे पण चुकलं." तिसऱ्यांदा तर ती काहीच्या बाही बोलली. धड्यात नसणार असलं काहीतरी. हं आला. त्याच ठिकाणाहून, तसाच, शेवटी वर जाणारा.

तेव्हा मी खाटेवरून उठलो. आमची बायको चुकीला कधी हं देणारी नव्हती. मला तर उभ्या संसारात दिला नाही.

मी पार्टिशनच्या मागे गेलो. पोर एकटीच, समोर तांदळाचा डबा.

"चुकलं तरी हं येतो," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. "तुम्हाला पण ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला वाटलं मला एकटीलाच." तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मला माहितेय चुकलं तरी येतो. मी मुद्दाम चुकून बघितलं."

"मग?"

"मग काय, आजोबा. एवढं तरी येतंय ना. मी कॉलेजला गेले तर हे पण बंद होईल."

मला शब्द जुळवता येत नाहीत. जे आलं ते बोललो. "हे बघ बाय. ती तुझी आजी नसेल, तर तू इथे कशाला बसतेस? आणि असेल, तर ती माझी बायको आहे. मी बसतो. तू उद्या कॉलेजात जा."

ती रडली बराच वेळ. मग म्हणाली, "शाळा सोडल्याचा दाखला कुठे ठेवलाय?" कपाटात, लुगड्यांच्या खाली होता. तिने काढला. मी बाजूला उभा होतो. त्या वेळात मागून काही आवाज आला नाही. आला असता तर ती गेली असती की नाही, मला सांगता येत नाही.

सकाळी दोघं गिरगावात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी मार्कशीट बघितली आणि चष्म्यावरून पोरीकडे बघितलं. "एवढे मार्क, आणि सीईटीत काय केलंस?"

"अडतीस," पोर म्हणाली.

"इथे कोणाला सांगू नकोस. इथे कोणी विचारणार पण नाही. आधारची झेरॉक्स दे."

फी भरली, पावती मिळाली. पोरीला लायब्ररी बघायची होती. म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी येते संध्याकाळी." मला वळून बघायचं नव्हतं, तरी बघितलं. ती जिने चढत होती, जरा घाईने.

मी घरी आलो. कुलूप काढलं आणि दाराबाहेरच उभा राहिलो. खरं लिहितो, भीती वाटली. कालपर्यंत ज्याची वाट बघत होतो त्याचीच. शेजारीण म्हणाली, "भाऊजी, दार अडलंय का?"

"नाही," म्हटलं, आणि आत गेलो.

पण शब्द दिला होता. संध्याकाळ झाली, पोर यायला अजून तासभर होता. दिवा लावला आणि पार्टिशनच्या मागे पोर बसायची तिथे बसलो. माझे गुडघे वाकत नाहीत, बसायला वेळ लागला. मग दुसरीच अडचण. सांगायचं काय? धडा मला येत नाही. इतक्या वर्षांत मी तिच्याशी दोन वाक्यांच्या वर बोललो नव्हतो. जेवायला वाढ. चावी कुठंय. मिलमधलं काही तिला सांगितलं नाही, मिल बंद झाली तेव्हाचंही नाही. तिने कधी विचारलं असेल तर मला आठवत नाही.

"सकाळी आठला निघालो," मी म्हटलं. "बस लगेच मिळाली."

आणि थांबलो.