नवसाचा कोंबडा आणि गोव्याची बोट

क्रूझच्या सहलीला जाताना सोबत जिवंत कोंबडा नेऊ नये.

हा सल्ला तुम्हाला कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, म्हणून आधीच देऊन टाकते. पोलादपुरात आजकाल कुणाला बोटीच्या सहलीची लहर आली की लोक सरळ माझ्या दुकानात येतात. (दुकान शिवणकामाचं आहे. ब्लाउजचं माप देता देता बायका विचारतात, "काकी, खिडकीवाली खोली घ्यावी की बिनखिडकीची?") मीही मशीन थांबवून सांगते. का नाही सांगणार? अख्ख्या आळीत क्रूझचं प्लॅनिंग केलेली बाई मी एकटीच!

आता हे खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून, ते ऐका. माझ्या सासऱ्यांनी उभी हयात मुंबईच्या गोदीत काढली. बोटींवर माल चढवायचं काम. सासूबाई इकडे आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीवर, म्हशी आणि नाचणी सांभाळत राहिल्या. सासरे गणपतीला गावी आले की म्हणायचे, "पुढल्या वर्षी तुला बोटीवर नेतो." पुढलं वर्ष काही आलं नाही आणि एक दिवस सासरेच गेले. सासूबाई तक्रार करणाऱ्यातल्या नव्हेत. पण कधीतरी म्हशीला पाणी दाखवता दाखवता म्हणायच्या, "येवढ्या बोटी भरल्या त्यांनी, मला येक बी दावली नाय गो."

म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकाने मुंबई-गोवा क्रूझची तीन तिकिटं काढून दिली, आजीचं, बाबांचं आणि माझं, तेव्हा मी जाहीर केलं, "काय वाट्टेल ते होवो, आई बोटीवर चढल्याच पाहिजेत. आणि प्लॅनिंगमध्ये कुणी लुडबुड करायची नाही!"

आमचे हे म्हणाले, "कोण करतंय?"

"तुम्हीच करता."

माझं माहेर महाडचं, ऐन बाजारपेठेतलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट आयत्या वेळी करत नाहीत. (सासरी याला भुणभुण म्हणतात.) मी ओळखपत्रांवरची नावं तिकिटांशी ताडून पाहिली. प्रत्येक बॅगेला आमच्या नावाची चिठ्ठी शिवली. चिकटवली नाही, शिवली! औषधं हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा बोटीवर खोलीत पोहोचायला वेळ लागतो. आणि सासूबाईंना ठणकावून सांगितलं की बोटीवर जेवण मिळतं, भाकऱ्यांची चवड बांधायची नाही.

"आणि बोटीवाल्याला भाकरी नाय आली तर?"

"भात खायचा!"

बोट लागू नये म्हणून तर मी रंगीत तालीमसुद्धा घेतली. तिघांना गोळ्या दिल्या आणि एसटीने आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाऊन आलो. घाटाच्या वळणात जो टिकला तो समुद्रात टिकला, असा माझा हिशोब. सासूबाई खिडकीत बसून वाटेतल्या दरडी मोजत होत्या. हे घोरत होते. आणि मी? प्रत्येक वळणाला खिडकीतून डोकं बाहेर! कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी चालत या."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू नको येव गो बोटीवर. मी आनि सुध्या जाव." (सुध्या म्हणजे आमचे हे.)

"मी नसले तर तुम्ही दोघं गोव्याऐवजी कराचीला उतराल!" मी तोंड पुसत म्हटलं.

एवढं सगळं केल्यावर एकच धोका उरला होता, तो म्हणजे वाडी. आमच्या वाडीवर घरटी एक माणूस मुंबईला आहे. त्यामुळे कुणीही मुंबईला निघालं की त्याच्यासोबत आपल्या माणसाला काहीतरी धाडायचं, ही रीत. कुणी तांदूळ देतं, कुणी कडवे वाल, कुणी नाचणीचं पीठ. नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणाऱ्याच्या घरच्या लग्नात मग पंगत वाढायला कुणी उभं राहत नाही. म्हणून मी सासूबाईंना शपथ घातली, "आई, आपण चाललोय हे निघेपर्यंत कुणाला बोलायचं नाही."

"नाय बोलत."

आणि त्या खरंच कुठल्या माणसाला बोलल्या नाहीत. त्या देवाला बोलल्या! पाण्यावरून जायचं तर देवाला सांगून गेलं पाहिजे, म्हणून गुरवाला घेऊन देवळात गाऱ्हाणं घातलं. आता आमच्याकडे गाऱ्हाणं काही मनातल्या मनात घालत नाहीत. गुरवाने खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा, तुझी लेक सोमवारी मुंबईतनं बोटीत बसताय, तिची राखण कर!" देवाने ऐकलं की नाही ठाऊक नाही. वाडीने ऐकलं.

सोमवारी उजाडता उजाडता आम्ही भाड्याची जीप घेऊन सासूबाईंना न्यायला वर गेलो, तर त्यांच्या अंगणात पोत्यांची आणि पिशव्यांची रास! मध्ये सासूबाई नव्या नऊवारीत, उत्सवमूर्तीसारख्या.

"आई, हे काय?"

"काय नाय गो. थोडं थोडं हाय."

"आपण सहलीला चाललोय!"

"बोट मुंबईतनंच सुटते ना? मग मुंबईला जातोच हाव की!"

मी यांच्याकडे पाहिलं. हे पोती जीपच्या टपावर चढवत होते! सगळ्यात शेवटी आली चुलत जाऊबाईंची पिशवी. ती हलत होती. तिच्यातून एक लालभडक तुरा बाहेर आला आणि त्याने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं.

"बबनच्या पोराच्या नावाचा नवस हाय," जाऊबाई म्हणाल्या. बबन म्हणजे त्यांचा मुंबईतला मुलगा. "राखणदार देवाला कोंबडं कापून राखण द्यायची हाय. घरचाच कोंबडा लागतो. सांभाळून न्या, देवाचा हाय तो."

पण घाबरेल ती मी कसली! जीप महाड ओलांडेपर्यंत मी तोड काढली होती. पोती घरोघर पोहोचवत बसलो तर बोट जाईल. म्हणून मी एकेकाला फोन लावले, "आम्ही येणार नाही, तुम्हीच बोटीच्या धक्क्याच्या दाराशी या आणि आपापलं घेऊन जा." झालं काम! मी विजयी मुद्रेने यांच्याकडे पाहिलं. पाठीमागून कोंबड्याने बांग दिली.

आमच्या हायवेची कृपा, पोहोचायला उशीरच झाला. (सल्ला: बोट सुटायची असेल त्याच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा. मी आता सगळ्यांना सांगते.) पण वाडीची पोरं खरंच दाराशी हजर होती. बायकामुलांसकट! पुढे माझी बोट आणि इथे पाया पडणं, गळ्यात पडणं, "आजी, म्हैस व्याली का?" अशी चौकशी. तरी सामान झटपट गेलं. पोतं न् पोतं गेलं. मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच एकाने आपल्या गाडीची डिकी उघडली.

"काकी, परत गावी जाल ना? मग आयेला येवढा पंखा द्या."

रीत दोन्ही बाजूंनी असते, हे मी साफ विसरले होते! गावाहून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नसतं. पाहता पाहता माझ्या पायाशी एक टेबलफॅन, एक कुकर, दोन ब्लँकेटं आणि कुणाच्या तरी आत्यासाठी इस्त्री येऊन पडली. "टायम नाय काकी, ड्यूटी हाय!" म्हणत पोरं पांगली. आमची जीपही परतीच्या गिऱ्हाइकासाठी निघून गेली. आणि बबनचा फोन आला.

"काकी, साहेब सोडत नाय गो. सांजच्याला सुटलो की येताव. तवर कोंबडा ठेव."

"अरे, आमची बोट आहे!"

"देवाचा हाय काकी, टाकू नको हां!" फोन बंद.

दाराशी सामान तपासायला एक चुणचुणीत मुलगी उभी होती. तिने आधी आमच्या बॅगा घेतल्या. शिवलेल्या चिठ्ठ्या पाहून म्हणाली, "वा, काकी!" माझी कॉलर ताठ. मग तिने पंख्याकडे पाहिलं.

"हा चालणार नाही."

"बरं."

"इस्त्रीपण चालणार नाही. आणि त्या पिशवीत काय आहे?"

"कोंबडा."

"चिकन? बाहेरचं जेवण चालत नाही."

पिशवीने स्वतःच खुलासा केला. कुकूच कू! रांगेतला एक गॉगलवाला माणूस दचकून बाजूच्या बाईच्या टोपीवर आदळला. ती मुलगी हसू दाबत म्हणाली, "काकी, दार आता बंद होईल. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ता या."

आमच्या तिघांत सभा भरली.

"कुणाकडे तरी देऊन टाकू," हे म्हणाले.

"नवसाचा हाय तो, सुध्या! पोराच्या नावाचा!" सासूबाई कधी नव्हे त्या कडाडल्या. मग बोटीकडे पाहिलं. केवढी ती बोट! आमचा अख्खा डोंगर पाण्यात आणून उभा केल्यासारखी. त्यांनी हळूच कोंबड्याची पिशवी आपल्या हातात घेतली. "तुमी दोघं जाव. मी बसतंय हितं. लांबनं दिसली, बास झालं."

बास झालं म्हणे! एवढी वर्षं बास झालंच म्हणत आली ही बाई. माझा संताप संताप झाला. त्यांच्यावर, बबनवर, वाडीवर आणि सगळ्यात जास्त माझ्या हुशारीवर. मी त्यांच्या हातून पिशवी हिसकली.

"आई, निघा! अहो, त्यांचा हात धरा. तुमच्या बाबांनी न्यायचं होतं, ते राहिलं. तुम्ही न्या."

"आणि तू?"

"मी प्लॅनिंग केलंय ना? उरलेलं प्लॅनिंग मी बघते! जा, नाहीतर इस्त्री फेकून मारीन!"

दोघं आत गेली. दार बंद झालं. मी कुकरवर बसले, मांडीवर कोंबडा, शेजारी पंखा. येणारे-जाणारे मला विक्रेती समजून भाव विचारत होते.

मग यांचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावरून पदर घेतलेल्या सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, वाऱ्याने पदर राहत नव्हता, आणि चेहऱ्यावर असं हसू की तसं मी माझ्या लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"सुनबाय! पानीच पानी हाय गो! दिसताय का तुला?"

"दिसतंय, आई."

"आनि ती बघ, मागं गोदी. हितंच काम करायचे ते." त्यांनी गोदीकडे वळून हात जोडले. मी इकडे धक्क्यावर बसून ढसाढसा रडले. कोंबडा माझ्याकडे एका डोळ्याने पाहत होता, पण या वेळी तो गप्प राहिला.

बबन संध्याकाळी आला. कोंबड्याची राखण रीतसर झाली, रस्सा झकास होता. मी त्यांच्याच घरी पंख्याचा वारा घेत बोट परतायची वाट पाहिली. परत आल्यावर सासूबाईंनी सगळ्या वाडीला बोटीचं वर्णन ऐकवलं, ते अजून संपलेलं नाही. शेवटी एवढं मात्र म्हणतात, "सून व्हती म्हनून बोट बघितली."

म्हणून सांगते, क्रूझचं काहीही विचारायचं असेल तर खुशाल माझ्या दुकानात या. नावं, चिठ्ठ्या, गोळ्या, इस्त्री, धक्क्याच्या दारापर्यंतचं मला सगळं तोंडपाठ आहे. आणि बायका जेव्हा काळजीने विचारतात, "काकी, पण बोट लागते का हो?" तेव्हा मी छातीठोकपणे सांगते,

"छे! मला तर अजिबात लागली नाही!"