ताटात लिहिलेलं नाव

रंगमंच सोडून मी बेलापूरच्या नव्या वसाहतीत राहायला आलो ते १९८२ साल. टाळ्यांची सवय लागलेल्या माणसाला तिथं रोज सकाळी एकच प्रेक्षक मिळे, जवळच्या दिवाळे गावच्या कोळीण दुर्गाबाई. मासळीची पाटी दारात उतरवून त्या माझी जुनी भाषणं मन लावून ऐकत, आणि मग आदल्या दिवशीचा बांगडा ताजा म्हणून देत.

एकदा त्या काळजीत दिसल्या. मुलाचं, दत्तूचं लग्न दिघा गावच्या मुलीशी ठरलं होतं आणि तिचंही नाव दुर्गाच.

"सुनेला बोलायला गेले तर माझं मलाच लागंल," त्या म्हणाल्या. "न् दत्तू बायकोला आयच्या नावानं हाक कशी मारंल? दादा, तुमच्या नाटकांत चांगल्या बाया असतात. एक नाव काढा."

मी उभाच राहिलो, घसा साफ केला. "सुचित्रा. सुंदर चित्र."

"भिंतीवर लावू?"

"जयमाला. विजयाची माळ."

"म्हंजे ती जिंकनार. मंग मी?"

"चारुलता. सुंदर वेल."

"टेकून उभी ऱ्हाईल. पाटी कोन उचलनार?" त्यांनी थोडा विचार केला. "चालंल. वेल निदान वाढते तरी."

लग्नात मी पहिल्या रांगेत बसलो. आज माझ्या शब्दाचा पहिला प्रयोग होता. ताटातल्या तांदळांत दत्तूनं अंगठीनं 'चा' काढला, तोच नवरी खालमानेनं म्हणाली, "आये, नाव नका बदलू. मना त्याच हाकेला वळायची सवय हाय."

दुर्गाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग पुढं होऊन तळव्यानं तांदूळ सारखे केले. माझी चारुलता गेली.

"मी इथं आले तवा रखमा होते," त्या म्हणाल्या. "सासू पन रखमा. म्हनून माझं पुसून दुर्गा केलं. मना कोनी इचारलं नव्हतं, न् मी बोलले पन नव्हते. आता सासू गेली, नाव मोकलं झालं. दत्तू, माझं लिही, रखमा."

"आये, तुझं नाव लिहू?"

"मंग काय शेजारनीचं?"

दत्तूनं लिहिलं. साखर वाटली गेली. मीही घेतली, जरा रुसूनच.

आठवड्यानं दारात पाटी आदळली. माझ्या बायकोनं आतूनच विचारलं, "दुर्गाबाई आल्या का हो?"

"दुर्गा घरी हाय, भात रांधते," बाहेरून उत्तर आलं. "मी रखमा. बांगडा घ्या, ताजा हाय."