डबल क्लच आणि वकिलांचा कागद

गिअरबॉक्स तिसऱ्यांदा फुटला तेव्हा वकीलसाहेब मोडक्या गाडीबरोबर टाइप केलेला कागदही घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, की जोडणी करणाऱ्या कामगाराला ऐकू येत नाही, त्याच्या हलगर्जीपणामुळे गाडीचं नुकसान झालं आणि ही चूक त्याला मान्य आहे. खाली मिस्त्रीच्या सहीसाठी रेघ.

मिस्त्री बहिरा होता हे खरं. इंजिनं तपासायच्या कोंदट खोलीत माणूस एकतीस वर्षं उभा राहिला, तर कान उरतील कुठून? कापसाचा बोळासुद्धा कुणी हातावर ठेवला नव्हता. ज्यांच्या कामापायी कान गेले, त्यांच्याच दारात आता कान नाहीत हा गुन्हा.

"करून टाक रे सही," वर्कशॉपचे मालक तोंडासमोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाले. मिस्त्रीशी सगळे असंच बोलत. "कागदच तर आहे. साहेबांचं समाधान होईल."

"आणि माझं काय?"

"तुझं बघू ना."

'बघू ना' म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला कळतं. सही केली तर गावातल्या एकाही वर्कशॉपची पायरी चढता येणार नाही. नाही केली तर मालक इथली पायरी उतरायला लावणार.

मिस्त्री गाडीकडे वळला. गिअरचा डबा उघडला, तुटलेलं दातेरी चक्र पुसलं आणि थेट मालकांच्या टेबलावर, त्यांच्या स्वच्छ कागदांवर ठेवलं.

"दात बुडातून मोडले असते तर माझी चूक. हे टोकाला चेपलेत. गाडी पळतेय आणि खालचा गिअर कोंबलाय, म्हणून."

"मी पुस्तकाप्रमाणे चालवतो," वकील म्हणाले. "इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर गेला की वरचा गिअर, दोन हजारांवर आला की खालचा."

"पुस्तक छापलं तेव्हा गाडी कोरी होती. आज तिचं वय तुमच्याहून जास्त आहे. थंड असली की तेल घट्ट असतं, पहिली दहा मिनिटं दुसऱ्या गिअरला घाई चालत नाही. चढावर काट्याची वाट बघत बसलात की तिचा दम आधीच सुटलेला असतो."

"हे तुला कसं कळतं? ऐकू तर काही येत नाही."

मिस्त्रीने तळहात त्यांच्या नाकासमोर धरला. "याला कळतं. आणि सीटला टेकलेल्या पाठीला." मग मालकांकडे वळून म्हणाला, "नवं चक्र घालून डबा परत जोडतो. समोरच्या चढावर आधी मी चालवतो, मग साहेब. माझ्या हातून एकदा जरी गिअर करकरला, तर सही करतो."

घरी बायकोने ताट वाढलं आणि त्याचा खांदा हलवून म्हणाली, "अहो, पैज कशाला लावलीत? मी चार हाका मारते तेव्हा ऐकू येत नाही, आणि त्या गाडीचं सगळं समजतं तुम्हाला."

"तू हाक मारताना थरथरत नाहीस."

"लग्न झालं तेव्हा थरथरायचे," ती म्हणाली. "तेव्हा कान होते, लक्ष नव्हतं." पुढे मात्र ती हसली नाही. "सही करू नका. मी शिवणाचं काम वाढवीन."

तीन दिवसांनी, भर दुपारी, मालक आणि सगळे कामगार फाटकाशी उभे राहिले. मिस्त्री गाडीत बसला, वकील शेजारी. आधी त्याने सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून तेल गरम होऊ दिलं. मग चढ. तिसऱ्या गिअरवर गाडी जड झाली. गिअरच्या दांड्यातली बारीक थरथर जाड झाली, तसा त्याने काट्याकडे न बघता क्लच दाबला, गिअर मोकळा केला, क्लच सोडला, अॅक्सिलरेटरला हलका ठोका दिला, पुन्हा क्लच दाबला आणि दांडा दुसऱ्यात सरकवला. लोण्यातून सुरी जावी तसा. या जुन्या डब्यात चक्रांचा वेग आपोआप जुळत नाही. तो माणसाने जुळवायचा असतो, दोनदा क्लच दाबून. गिअर चार वेळा वर, चार वेळा खाली. फाटकापाशी कुणाला एकदाही करकर ऐकू आली नाही.

"आता तुम्ही," मिस्त्री म्हणाला.

वकील चढाला लागले. डोळे काट्याला चिकटलेले. गाडी धापा टाकतेय, हादरतेय, काटा अजून दोन हजारांवर यायचाय. आला. त्यांनी एकदाच क्लच दाबला आणि दांडा रेटला. शेजारी बसलेल्या मिस्त्रीला, डॅशबोर्डवर टेकलेल्या तळहातापासून कोपरापर्यंत झणका बसला. फाटकाशी वेल्डरने डोळे मिटून घेतले.

गाडी कडेला थांबली.

"साहेब, मी बहिरा," मिस्त्री म्हणाला. "तुम्हीच सांगा, कसा आवाज आला?"

वकिलांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "गाडीच हट्टी आहे," एवढंच म्हणाले आणि उतरून चालत फाटकाकडे निघाले. वाटेत त्यांनी तो कागद घडी घालून खिशात टाकला.

मालक लगबगीने पुढे झाले. "झालं गेलं, साहेब. मिस्त्री, जा, जेवून घे."

झालं गेलं. तीन वेळा बोल कुणाला लागला? नोकरी कुणाची जाणार होती? मिस्त्री जेवायला गेला नाही. ऑफिसात शिरला, मालकांच्या खुर्चीपुढे उभा राहिला.

"आता तुम्ही लिहा. वर्कशॉपच्या कागदावर, शिक्क्यासकट."

"अरे, कशाला आता?"

"माझ्यासाठी कागद निघाला होता तेव्हा कुणी 'कशाला' म्हटलं नाही."

मालकांनी फाटकाकडे पाहिलं. सगळे कामगार अजून तिथेच होते. एकही कामाला परतला नव्हता. मालकांनी पेन उघडलं, दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. जोडणीत दोष आढळला नाही.

मिस्त्रीने कागद उचलला नाही. त्या ओळीवर ग्रीसने काळं झालेलं बोट ठेवलं.

"'आढळला नाही' नको. 'नव्हता' लिहा."

मालकांनी खोडलं आणि लिहिलं.