एकाच तारखेची लागण

"कॉम्प्युटर काही कुणाचा पाहुणा नाही," एम.डी. साहेब म्हणाले. "म्हणजे गडबड माणसानेच केली. साळव्यांना गट ऑफिसवरून काढा, स्टोअरला बसवा."

मी प्रिंटआउट हातात घेऊन समोर उभी होते. कॉम्प्युटरची बाजू घेतलेली ऐकून मला बरं वाटलं, हे आधीच कबूल करते.

नव्वदच्या दशकाचा मध्य. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी प्रोग्रामर होते. आमच्याकडचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे तोडणीची यादी. कुणाच्या उसावर मजुरांची टोळी कधी जाणार, ते या यादीवर ठरायचं. नियम सरळ होता. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावण, आधी, त्याची तोड आधी. यादीत चार जागा खाली जाणं म्हणजे ऊस उन्हात उभा राहून वाळणं. त्यामुळे यादी लागली की बोर्डासमोर ही गर्दी व्हायची.

साळवे हे गट क्लार्क. शेतावर जाऊन लागणीची नोंद रजिस्टरमध्ये करायची, हे त्यांचं काम. सहा हंगाम ते टेंपररी होते. त्यांना कायम करण्याची ऑर्डर टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर सहीला पडली होती. नेमक्या त्याच आठवड्यात पारूबाई नावाच्या एक शेतकरीण बोर्डावरची यादी वाचून थेट साहेबांच्या केबिनमध्ये आल्या.

"दरसाली आमचा नंबर आधी असतुया. औंदा साळव्याच्या मेव्हन्याचा ऊस आमच्या आधी कसा? आमच्या चाऱ्यांना पानी न्हाई, आन् त्यो हेडला बसून पानी पितो!"

हेड म्हणजे कालव्याची सुरुवात; पारूबाईंचं शेत शेवटी, टेलला होतं. यादी पाहिली तर मेव्हण्याचं नाव खरंच वर होतं. गावात बोलणं सुरू झालं, आणि त्यातलं सगळंच यादीबद्दल नव्हतं. ऑर्डर सहीविना ड्रॉवरमध्ये गेली आणि साळव्यांना स्टोअरला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साळवे रजिस्टर काखोटीला मारून माझ्याकडे आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, मी नावं वरखाली केली न्हाईत. तुमीच बगा."

मला खात्री होती की केली असणार. तरी रजिस्टर घेतलं, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ऑपरेटरने भरलेला डेटा आणि रजिस्टर ओळीने ओळ ताडून पाहिलं. दोन्ही सारखेच. मेव्हण्याचं नाव रजिस्टरमध्ये त्याच्या लागणीच्या तारखेखाली अगदी शेवटी होतं. डेटामध्येही शेवटी. यादीत मात्र तिसरं.

म्हणजे नाव हललं ते कॉम्प्युटरच्या आत. आणि आत हात घातलेली व्यक्ती जिल्ह्यात एकच होती.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आम्ही प्रोग्राम एका अ‍ॅरे लँग्वेजमध्ये लिहायचो. अ‍ॅरे म्हणजे आकड्यांची रांग. या भाषेत एकेक आकडा न हाताळता अख्खी रांग एका चिन्हाने हाताळतात. हजारो लागणींच्या तारखा क्रमाने लावायच्या तर एकच चिन्ह पुरतं. ते चिन्ह वाचून प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोग्रामला इंटरप्रिटर म्हणतात. आमचा इंटरप्रिटर फुकट मिळालेला, आणि सोर्स कोडसकट. म्हणजे त्याची आतली सगळी कृती उघडी होती, वाटेल ते बदलता यायचं. पुण्याच्या एका मैत्रिणीने तो फ्लॉपीवर आणून दिला होता.

एकच दुखणं होतं. क्रम लावायला तो फार वेळ घ्यायचा. यादी सुरू करून चहा पिऊन यावं, तरी पडदा तसाच. मग त्या हंगामाआधी मी तो भाग काढून टाकला आणि क्विकसॉर्ट नावाची वेगवान पद्धत बसवली. यादी अर्ध्या मिनिटात. मैत्रिणीच्या कॉलेजमधून ई-मेलने ही सुधारणा परदेशातल्या मूळ कर्त्याला पाठवली. त्याने ती सगळ्यांसाठी घेतली आणि आभारांच्या यादीत माझं नाव घातलं. त्या पानाचा प्रिंटआउट मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

मी जुनी फ्लॉपी शोधली. जुन्या इंटरप्रिटरवर तीच यादी काढली. वेळ लागला, पण मेव्हणा शेवटी. नव्यावर काढली. मेव्हणा तिसरा.

झालं होतं असं. जुनी पद्धत संथ होती, पण दोन तारखा सारख्या असल्या तर मूळ क्रमाला धक्का लावत नव्हती. माझी पद्धत सारख्यांना वाटेल तसं उलटसुलट करत होती. चाचणी घेताना मी फक्त तारखा चढत्या आहेत ना एवढं पाहिलं होतं. सारख्या तारखा असून असून किती असणार? मी साळव्यांना बोलावून घेतलं.

"साळवे, एकाच तारखेला एवढ्या लागणी कशा?"

"आवर्तन सुटल्याबिगर लागण हुती व्हय, मॅडम? कालव्याला पानी सुटलं की समदेच लावत्यात. सगळ्यांची तारीख एकच पडती."

"मग त्यांच्यात आधी कोण, हे कोण ठरवतं?"

"रजिस्टर. टेलला पानी शेवटी जातं, कमी जातं. तिथला ऊस उन्हाळ्यात टिकत न्हाई, त्यो आधी तोडाया पायजे. म्हनून मी टेलला सायकल घेऊन जातो आन् नोंदी करत करत हेडकडं येतो. माज्या आधीचे क्लार्क बी असंच करत हुते."

हा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. तो साळव्यांच्या सायकलच्या दिशेत होता, आणि जुन्या इंटरप्रिटरच्या संथपणात. मी एका झटक्यात दोन्ही मोडीत काढलं होतं.

मला लाज वाटली. दोन्ही प्रिंटआउट घेऊन मी साहेबांकडे गेले.

"म्हणजे प्रोग्राम चुकला?"

"प्रोग्राम नाही सर. ज्या भाषेत तो लिहिलाय, ती भाषा मी बदलली होती."

"भाषा बदलता येते?"

"हिची येते."

"मग जी कुणालाच बदलता येत नाही, अशी एखादी घ्या की!"

मी चूक माझी असल्याचं लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, ड्रॉवरमधली ऑर्डर काढून सही केली आणि साळव्यांना गट ऑफिसला परत पाठवलं. शिपायाने बोर्डावरची यादी उतरवली.

मी दोन दिवसांत मर्जसॉर्ट बसवला. यात आधीच क्रमाने लावलेल्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे एकत्र करत जातात. वरच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर तारीख एकच असेल, तर पहिल्या गठ्ठ्यातली आधी घ्यायची. एवढं पाळलं की कुणाचा नंबर जात नाही. वेगही जवळपास तेवढाच.

मूळ कर्त्याला कळवणं भाग होतं. माझी सुधारणा तोवर कुठे कुठे पोहोचली होती कोण जाणे. त्याचं उत्तर आलं, की सारख्यांचा क्रम टिकेल असं मॅन्युअलमध्ये कुठेच म्हटलेलं नाही, त्यामुळे याला चूक म्हणता येणार नाही. मी त्याला कालवा, टेल आणि सायकल, सगळं लिहून पाठवलं. पुढच्या आवृत्तीत त्याने मर्जसॉर्ट घेतला आणि मॅन्युअलमध्ये एक वाक्य घातलं. सारख्या किमतींचा मूळ क्रम कायम राहील. कारण दिलेलं नाही.

मी एवढंच शिकले, की चालत्या गोष्टीला वेग देण्याआधी ती संथ राहून आणखी काय काय करते आहे, ते बघावं.

साळवे त्यानंतर दर हंगामात यादी लागायच्या आधी माझ्याकडे यायचे. रजिस्टर उघडायचे आणि तांबड्या पेन्सिलीने एकेका नावावर खूण करत जायचे. चहा दिला तर प्यायचे, चांगलं बोलायचे. पण शेवटच्या नावावर खूण होईपर्यंत यादी खोलीबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मी रिटायर होईपर्यंत त्यांनी माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला नाही, आणि ते अगदी बरोबर होतं.