पिकअपचा एसी आणि जुना ड्रायर

पिकअप तिसऱ्यांदा गॅरेजला आली. मी बॉनेट उघडायच्या आधीच शेठ केबिनमधून ओरडले, "सिकंदर, गॅस चेक कर आणि सोड. मागं डॉक्टरांची गाडी उभी आहे."

गाडी मारुतीची. मारुती जत तालुक्यातला. डाळिंबाचे क्रेट भरून सांगली मार्केटला यायचा आणि दुपारी रिकामे क्रेट घेऊन परत जायचा. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन तो खाली उतरला.

"आज काय?"

"त्येच की. वीस मिंटं बरफावानी गार. मग नुसता वारा. गाडी बंद करून च्या पिऊन आलो की परत गार."

मी सांगलीत बावीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. ही तक्रार ऐकताच कारण लक्षात यायला पाहिजे. माझ्या लक्षात आलंही होतं.

या पिकअपला कंपनीचा एसी नव्हता. एका स्क्रॅप झालेल्या कारचा एसी काढून फेब्रुवारीत मीच तो बसवला होता. कंप्रेसरसाठी लेथवर ब्रॅकेट करून घेतलं, कूलिंग युनिट डॅशबोर्डच्या खाली टांगलं. काम चांगलं झालं होतं. एक गोष्ट सोडून.

एसीत ड्रायर नावाचा एक डबा असतो, पाण्याच्या छोट्या बाटलीएवढा. त्यात दाणे असतात. गॅसमधला ओलावा शोषून घेणं एवढंच त्याचं काम. त्याची तोंडं उघडी राहिली तर तो हवेतलाच ओलावा पिऊन बसतो, मग निकामी. हा एसी भंगाराच्या दुकानात पावसाळाभर उघडा पडला होता. मी शेठना म्हटलं होतं, "ड्रायर नवा टाकू."

"अरे, भंगाराच्या मालाला नवा ड्रायर कशाला? चालतंय."

मी जुनाच बसवला.

त्याचं पुढं काय होतं, तेही सांगतो. एसीतला गॅस एका सुईएवढ्या भोकातून जातो. तिथंच तो थंड होतो. गॅसमध्ये पाण्याचा अंश असला तर त्या भोकात त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद. एसी बंद केला की बर्फ वितळतो, वाट मोकळी. म्हणून वीस मिनिटं गार, मग गरम, मग परत गार. गॅस कितीही भरा, हे थांबत नाही.

पहिल्या दोन्ही वेळा मी गॅसच भरला होता. गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची, गार हवा हातावर घ्यायची, जा म्हणायचं. दहा मिनिटांत बर्फ होत नाही.

दुसऱ्या वेळी मी मारुतीला गमतीनं विचारलं होतं, "डाळिंबं मागं उन्हात आणि तू एसीत, असं कसं रे?" मार्केटमध्ये सगळेच त्याला साहेब म्हणून चिडवायचे. त्यानं शर्टाची दोन बटणं काढली. गळ्यापासून खाली सगळी कातडी चकचकीत, ताणलेली.

"गुऱ्हाळावर व्हतो शिराळ्याकडं. काहिलीतला उकळता रस अंगावर आला. छाती, पाठ, दोनी हात. ह्या कातड्याला घाम येत न्हाई, भाऊ. ऊन लागलं की आत भट्टीच पेटती. डागदर म्हनलं, गाडी चालवायची तर एसीत चालव."

हे मला माहीत होतं. तरीही तिसऱ्या वेळी काय झालं ते ऐका.

मी गेज लावले. गॅस बरोबर होता. केबिनमध्ये जाऊन मी शेठना म्हणालो, "गॅस फुल्ल आहे. ड्रायरचा घोळ आहे. अर्धा दिवस गाडी ठेवून घेऊ."

"भंगाराच्या एसीला अर्धा दिवस? आणि डॉक्टरांना काय सांगू? थोडा गॅस काढ, थोडा भर. त्याला दिसलं पाहिजे काहीतरी केलं म्हणून."

मी थोडा काढला. थोडा भरला. मारुती बाजूला उभा राहून बघत होता.

"झालं का, भाऊ?"

"झालं. आता अडचण येणार नाही."

घड्याळात बारा वाजले होते. एप्रिलचं ऊन. तो गेला आणि मी डॉक्टरांची गाडी घेतली.

त्याच दुपारी जतच्या वाटेवर नागजच्या पुढं त्याची पिकअप रस्ता सोडून बाभळीत घुसली. मार काही लागला नाही, पण तो शुद्धीवर नव्हता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. मिरजेला बारा दिवस दवाखान्यात होता. जगला. पण हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. उष्माघातानं मेंदूला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गाडी चालवणं बंद.

महिन्याभरानं त्याची बायको सुमन आणि तिचा भाऊ पिकअप घेऊन आले. विकायची होती. गिऱ्हाईक शेठनीच बघून दिलं होतं. शेठ मला म्हणाले, "सिकंदर, एसी एकदम टकाटक कर. एसी चालू असला की गाडी लगेच जाईल. ड्रायर नवा टाक. लागेल तेवढा वेळ घे."

आधी मी खात्री करून घेतली. गाडी चालू ठेवली. बाविसाव्या मिनिटाला गेजवरचा कमी दाबाचा काटा शून्याच्या खाली गेला, म्हणजे वाट बंद. फडकं गरम पाण्यात बुडवून त्या बारीक भोकाच्या व्हॉल्व्हवर ठेवलं. काटा वर आला, हवा गार झाली. बर्फच होता. गॅस काढला, नवा ड्रायर बसवला, दीड तास व्हॅक्यूम पंप लावून आतला ओलावा ओढून काढला, नवा गॅस भरला. दोन तास गाडी उन्हात चालू ठेवली. काटा हलला नाही.

सुमन पिकअपमध्ये बसून बघत होती. जाळीसमोर हात धरून म्हणाली, "लय गार हाय की. काय बिघडलं व्हतं?"

मी जुना ड्रायर दाखवला.

"एवढंच? मग तवाच का न्हाई बदललं?"

शेठ मागं उभे होते. म्हणाले, "जुन्या मालाची गॅरंटी नसते, ताई."

तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. मला म्हणाली, "आवं, त्ये घरी म्हंत्यात, शिकंदरभाऊचा काय दोस न्हाई. माजंच अंग वंगाळ."

मी बॉनेट बंद केलं. पिकअप त्याच संध्याकाळी नव्या मालकाकडं गेली.

पुढच्या रविवारी मी जतला त्याच्या घरी गेलो. मारुती ओसरीत पंख्याखाली बसला होता. मी सगळं सांगितलं. ड्रायरचं, शेठचं, आणि काही केलं नसताना झालं म्हणालो ते. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकेक शब्द गोळा करत बोलला.

"झालं न्हाई... एवढं म्हनला असता तर... मी ऊन उतरंपतूर... मार्केटातच थांबलो असतो."

सुमननं चहा आणला. मी तो प्यायलो आणि परतीची एसटी धरली.

शेठचं गॅरेज तसंच चालू आहे. मीही तिथंच आहे. पन्नाशीत दुसरीकडं कोण घेणार? जुना एसी बसवताना ड्रायर नवाच टाकायचा, हे नवीन मेकॅनिकना मी पहिल्या दिवशी शिकवतो. दुसरी गोष्ट शिकवायला मला लाज वाटते, तरी शिकवतो. काम झालं नसेल तर गिऱ्हाइकाला झालं नाही म्हणून सांगायचं. त्याला कुठलंही हत्यार लागत नाही.