महोत्सवाला गैरहजर राजहंस

तांड्यावरचा हरिचंद राठोड तळ्याचा राखणदार. हिवाळा लागला की दुपारभर पाळीवर बसायचं, उतरलेली पाखरं मोजायची आणि कुणी जाळं टाकू नये म्हणून बघायचं, हे त्याचं बारा वर्षांचं काम. हिमालयापलीकडून आलेले, डोक्यावर काळे पट्टे असलेले राजहंस त्याच्यापासून वीस पावलांवर खुशाल चरायचे.

यंदा पौषात वनखात्याच्या साहेबांनी पक्षी महोत्सव काढला. मांडव उभा राहिला, फलक लागला. फलकावर पाहुण्यांचे अकरा चेहरे आणि पक्षी एक. तोही या तळ्यावर कधी न उतरलेला. त्या सकाळी हरिचंदनं दोनशे चाळीस राजहंस मोजले. मग भोंगे आले.

"साहेब, भोंग्याचं तोंड तिकडं फिरवा. पाखरं बुजतील."

"तू पाखरं सांभाळ. कार्यक्रम आम्ही सांभाळतो."

पाहुणे दोन तास उशिरा आले. स्वागताला फटाक्यांची लड लागली आणि सगळा थवा एकदम उठला. धूर निवळला तेव्हा पाण्यावर एक पीसही हालत नव्हतं.

त्यावर प्रमुख पाहुण्यांनी 'निसर्गातलं मौन' या विषयावर माईकवरून चाळीस मिनिटं भाषण केलं. नंतर दुर्बिणीचं झाकण न काढताच ते म्हणाले, "वा! अप्रतिम!" टाळ्या पडल्या. कुणीतरी झाकण काढलं, तसे ते गोंधळले. "पक्षी कुठायत?"

साहेब हरिचंदकडं वळले. "काय रे, पक्षी कुठं गेले?"

"फटाक्यापर्यंत बराबर होते, साहेब."

शेवटी म्हशीच्या पाठीवरच्या बगळ्यासोबत पाहुण्यांचा फोटो निघाला.

तिसऱ्या दिवशी हरिचंदला नोटीस आली: पक्षी हजर ठेवण्यात हयगय झाली, खुलासा करावा. लेक शिला कागद घेऊन बसली.

चुलीपाशी बसलेली त्याची बायको रूपाबाई म्हणाली, "लिही, पाखरायला पत्रिका भेटली न्हाई."

हरिचंद मात्र हसला नाही. त्यानं सांगितलं तसं शिलानं लिहिलं: 'पक्षी सकाळपासून हजर होते. फटाके वाजल्यावर परवानगी न घेता निघून गेले.'

खुलासा मंजूर झाला. खाली साहेबांचा शेरा होता: 'पुढील वर्षी पक्ष्यांना पूर्वसूचना द्यावी.'

कागद शिलाकडं देऊन हरिचंद पाळीवर गेला. ऐंशीएक राजहंस परतले होते. बाकीचे त्या हिवाळ्यात आलेच नाहीत.